हाताला काम आणि हातात कागद

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना 'विचारवंत' हा शब्द वापरला. तो त्यांचा मोठेपणा. मी साच्यावर उभा राहिलेला माणूस आहे. दिवसा बदलीचं काम आणि रात्री परळच्या रात्रशाळेत शिक्षण, असं करून दहावी झालो. नंतर जे काही वाचलं ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसून वाचलं. तेव्हा मोठ्या भाषणाची अपेक्षा ठेवू नका.

मला विषय दिला आहे 'बंद गिरणीतल्या कामगाराचे जीवन'. या विषयावर रडायचं म्हटलं तर रात्र पुरणार नाही. पण समोर आपली वीस-पंचवीस वर्षांची मुलं बसलेली दिसतात. यातली निम्मी धाटावच्या एमआयडीसीत, कोणी नागोठण्याला, कोणी डोलवीला ठेकेदाराकडे जातात. त्यांच्या उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट मी आज बोलणार आहे. काम सुटतं त्या दिवशी कामगाराच्या हातात काय राहतं, ही ती गोष्ट.

आमच्या घरातल्या तीन पिढ्या गिरणीत गेल्या. रोहा तालुक्यातून आजोबा मुंबईला गेले ते बोटीने. धरमतरची बोट म्हणायचे त्याला. गावात शेत खोताचं, राबणारे आपण. खोती काय होती हे आज मुलांना सांगावं लागतं. पिकवायचं आपण आणि खळ्यावर वाटा ठरवायचा त्याने. अलिबागकडच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून पाच-सहा वर्षे जमीनच कसली नाही, इतका तो जाच होता. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं ते आपल्याच मुलुखासाठी. तर त्या खोतीतून सुटायला आजोबा गिरणीत गेले आणि त्यांना काम मिळालं रिंग खात्यात.

रिंग खातंच का? कापड खात्यात, म्हणजे साच्यांवर, पगार जास्त. पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. कारण ऐकून घ्या. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार. मग अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आम्ही कसा घ्यायचा, असं तिथले कामगार म्हणत. मालक नव्हे, कामगार. लाल झेंड्याखाली मोर्चात चालणारे कामगार. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. पुढे १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला. आपल्या रायगड जिल्ह्यातले, महाड तालुक्यातले कॉम्रेड आर. बी. मोरे यांचं नाव इथे घेतलं पाहिजे. चवदार तळ्याच्या १९२७ च्या परिषदेसाठी खपलेला हा माणूस पुढे जन्मभर गिरणगावात कामगारांत राहिला. दोन्ही लढाया एकच आहेत हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

हे मी का सांगतो? आजोबांची एक पगाराची चिठ्ठी आमच्या घरात बरीच वर्षे होती. त्यावर खातं लिहिलेलं, टिकट नंबर लिहिलेला, रक्कम लिहिलेली. जात कुठेच लिहिलेली नव्हती. पण रिंग खातं म्हटलं की पगार ठरला, पगारावरून फंड ठरला, फंडावरून म्हातारपण ठरलं. असा तो कागद वाचायचा असतो.

आता संपाचं. १८ जानेवारी १९८२. डॉक्टर दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईच्या साठ एक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. नायगावला एका खोलीत आम्ही नऊ माणसं. पहिले दोन महिने उत्साह होता, चाळीत वर्गणी, मोर्चे, घोषणा. शिमग्यानंतर खोलीतली माणसं गावाला निघू लागली. मेअखेर आम्हीही आलो. आई जंगलातून लाकडाची मोळी आणून रोह्याच्या बाजारात विकायची. बाबांनी दुसऱ्याच्या शेतात लावणी केली. पंधरा वर्षे पंख्याखाली आणि मशीनच्या आवाजात काम केलेला माणूस, चिखलात वाकला की दुपारी त्याला उठता येत नसे. गावची माणसं हसायची, 'काय चाकरमानी, पाऊस लागला का?' ते हसणं बाबांना पगार बुडण्यापेक्षा जास्त लागायचं, हे मला फार उशिरा समजलं.

तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरून गेला. डॉक्टरांची चूक काय, सरकारची काय, यावर पुष्कळ पुस्तकं झाली. माझं मत विचाराल तर, १९४६ च्या मुंबईच्या औद्योगिक संबंध कायद्यात एकाच मान्यताप्राप्त संघटनेशी बोलायची तरतूद होती. अडीच लाख माणसं ज्याच्या मागे, त्याच्याशी बोलायला कायद्याने कोणी बांधील नव्हतं. कागदावर तो त्यांचा पुढारीच नव्हता! १६ जानेवारी १९९७ ला डॉक्टरांचा खून झाला, तेव्हा अंत्ययात्रेत चाललेल्या कितीतरी जणांची नोकरी त्या संपात गेलेली होती. तरी ते आले होते.

बाबांना दीड वर्षाने कामावर घेतलं. दारावर एक छापील कागद होता, त्यावर सही करायची आणि आत जायचं. सगळ्यांनी केली. पोरं उपाशी असताना कोण वाचत बसणार? पुढे निवृत्तीच्या वेळी समजलं की त्या कागदाने बाबांची आधीची नोकरी मोडीत निघाली होती. ते 'नवीन भरती' झाले होते. पंधरा वर्षं एका सहीत गेली. गिरणीचं नाव मी घेत नाही, घेऊन आता उपयोगही नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात वाचल्याशिवाय सही नाही, हा नियम झाला.

मी १९८९ ला बदली म्हणून लागलो. बदली म्हणजे काय ते सांगतो. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर उभं राहायचं. कायम कामगाराने खाडा केला तर तुम्हाला काम. नाही केला तर 'आज नाही' ऐकून चहा पिऊन परत. मग दुसऱ्या पाळीला पुन्हा उभं राहायचं. महिन्यात कधी बावीस दिवस, कधी अकरा. मला साच्यावर उभं केलं. आजोबांना ज्या खात्याचा उंबरठा ओलांडता आला नाही तिथे नातू गेला. पण तोवर त्या खात्याची शान संपत आली होती.

कारण जमिनीला भाव आला होता. १९९१ च्या विकास नियमावलीत एक नियम होता, क्रमांक अठ्ठावन्न. गिरणीची जमीन मोकळी केली तर एक भाग शहराला, एक भाग परवडणाऱ्या घरांना, उरलेला मालकाला, असं ढोबळपणे ठरलं होतं. पण २००१ ला त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती राहिली. गिरणीत शेड उभ्या, मोकळी जमीन ती किती? प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मार्च २००६ मध्ये निकाल गिरण्यांच्या बाजूने लागला. एका शब्दाची ही करामत. अडीच लाख माणसांच्या मोर्चाने जे झालं नाही ते 'मोकळी' या एका शब्दाने झालं. म्हणून म्हणतो, कायद्याचं मराठीत वाचन केलं पाहिजे.

आमची गिरणी २००० साली बंद झाली. आधी सूत कमी आलं. मग तिसरी पाळी बंद. मग लेऑफ, निम्मा पगार. मग एक दिवस नोटीस बोर्डावर 'स्वेच्छानिवृत्ती योजना'. स्वेच्छा कोणाची हे विचारू नका. फॉर्म इंग्रजीत. टेबलापुढे रांग, आणि रांगेत पस्तीस वर्षं नोकरी झालेले लोक अंगठा पुढे करून उभे. मी आणि आणखी दोघं तिघं डिक्शनरी घेऊन जिन्याखाली बसलो. आम्ही प्रत्येकाचा फॉर्म वाचून दाखवायचो. तेव्हा लक्षात आलं, बदली म्हणून केलेली वर्षे बहुतेकांची धरलेलीच नव्हती. ज्यांच्याकडे त्या काळचं हजेरीकार्ड, लाल पास किंवा पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांचा हिशेब भांडून बदलून घेता आला. ज्यांच्याकडे नव्हत्या ते म्हणायचे, 'अरे, मी होतो ना! मुकादमाला विचार!' मुकादम मरून गेला होता. रजिस्टर मालकाच्या कपाटात होतं.

त्या जिन्याखालच्या आठ दिवसांत मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्याच शिबिरात शिकलो नाही.

मग पैसे मिळाले. कोणाला लाख, कोणाला सव्वा, कोणाला साठ हजार. एकरकमी एवढे पैसे आयुष्यात न पाहिलेली माणसं. काहींनी मुलीचं लग्न केलं, ते योग्यच. काहींनी गावाला घर बांधलं. काहींचे पैसे गुत्त्यात गेले, ही गोष्ट विहारात बोलायला नको असं वाटतं, पण विहारात नाही तर कुठे बोलायची? काम गेलेला पुरुष घरात बसला की त्याला घर खायला उठतं. आमचा एक मित्र गिरणी बंद झाल्यावर चार महिने रोज डबा घेऊन बाहेर पडायचा आणि राणीच्या बागेत बसून संध्याकाळी परत यायचा. बायकोला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तरी ती रोज डबा भरून द्यायची. वहिनींनी हे मला स्वतः सांगितलं.

आणि ज्यांनी शहाणपणाने पैसे बँकेत ठेवले, त्यांचं तरी सगळ्यांचं कुठे बरं झालं? पेणच्या पाहुण्यांना वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध आणले आणि जवळजवळ दोन लाख ठेवीदार पासबुक हातात घेऊन रस्त्यावर आले. त्यात निवृत्तांचे पैसे होते, गणपतीच्या कारखान्यांतले होते, मच्छी विकणाऱ्या बायांचे होते. तिथेही शेवटी संघर्ष समितीपुढे प्रश्न हाच आला, पावती आहे का?

मी २००१ ला बिऱ्हाड घेऊन दिवा-रोहा गाडीने परत आलो. धाटावला एका रसायनाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागलो. कापडाचा माणूस मी, ॲसिडच्या ड्रमजवळ उभा. नऊ वर्षं एकाच यंत्राजवळ काम केलं आणि त्या नऊ वर्षांत ठेकेदाराचं नाव पाच वेळा बदललं. ठेकेदार तोच, त्याची मोटारसायकल तीच, फक्त पाकिटावरचं नाव वेगळं. दर वेळी आम्ही नवीन! सहा-सात महिने झाले की चार दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा बोलवायचे. बाबांना एकदा 'नवीन भरती' केलं होतं, मला पाच वेळा केलं. फरक एवढाच की मी प्रत्येक पाकीट जपून ठेवलं, गेटपासची झेरॉक्स ठेवली, आणि फंडाच्या कचेरीत ती पाचही नावं एका कागदावर लिहून दिली. भांडायला तीन वर्षं लागली. सगळं मिळालं नाही. पण सलग नोकरी धरली गेली.

आता तरुण पोरांनो, तुमच्याकडे वळतो. तुम्ही मला म्हणता, 'काका, आता सगळं मोबाईलवर असतं.' चांगलं आहे. मग सांगा, इथे किती जणांना स्वतःचा यूएएन नंबर माहीत आहे? हात वर करा. (सभेत सात-आठ हात वर झाले.) बघा. कापून घेतलेला फंड भरला जातो की नाही हे पाहायला आता कोणाच्या पाया पडावं लागत नाही, तरी पाहायचं राहून जातं. दुसरं. नोकरी सुटली की फंडाबरोबर पेन्शनचेही पैसे काढून घेता. पाच-दहा हजार येतात, आठवड्यात संपतात. पण १९९५ च्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची नोकरी भरली तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन मिळते. एका ठिकाणी चार वर्षं, दुसऱ्या ठिकाणी सहा, अशी बेरीज होते. पैसे काढण्याऐवजी योजनेचं प्रमाणपत्र मागता येतं. पेन्शन फार नाही हे मला माहीत आहे. २०१४ पासून किमान हजार रुपये, तेही मिळवायला म्हातारे दिल्लीपर्यंत मोर्चे काढतात. पण वाडीतल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, महिन्याच्या हजार रुपयांत तिची औषधं येतात की नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशेब तर चौथीतल्या पोराला येईल. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षे. तेरा हजार पगार असेल तर एका दिवसाचे पाचशे, पंधरा दिवसांचे साडेसात हजार, सहा वर्षांचे पंचेचाळीस हजार. १९७२ चा कायदा आहे, पाच वर्षे सलग नोकरीची अट होती. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या आहेत. त्यात मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. त्याच संहितांत कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने दार उघडं ठेवलं. यावर युनियनवाले लढतील, मीही त्यांच्याबरोबर असेन. पण त्यात एक कलम आपल्या कामाचं आहे. प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र दिलं पाहिजे. तुमच्यापैकी कितीजणांकडे ते आहे, हे मी विचारत नाही. उत्तर मला माहीत आहे. मागायला सुरुवात करा. एकट्याने मागितलंत तर उद्या गेटवर अडवतील, म्हणून दहाजणांनी मिळून मागा. आणि ठेकेदार पगार बुडवून पळाला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, हे विसरू नका. पण तुम्ही त्या कंपनीत होता हे दाखवणार कशाने? गेटपासने. गेटपासचा फोटो काढून घरच्यांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा.

भगिनींबद्दल बोललो नाही तर महिला मंडळ मला चहा देणार नाही. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत आपल्या कितीतरी मुली, सुना रंगकामाला जातात. हिशेब नगावर. डोळे आखायला वेगळा कारागीर, त्याचा मान वेगळा, दाम वेगळा. प्लास्टरच्या मूर्तींवरच्या बंदीचा वाद कोर्टात चालला तेव्हा कारखानदारांनी बाजू मांडली, मूर्तिकारांनी मांडली. अंगरखा रंगवणारी बाई कुठल्या हजेरीपटावर होती? तिने निदान स्वतःची वही ठेवावी. तारीख, नग, किती पैसे मिळाले. स्वतःच्या हाताने लिहिलेली वही काही मोठा पुरावा नाही, पण दहा बायांच्या वह्या जुळल्या तर कामगार अधिकाऱ्याला ती बाजूला सारता येत नाही.

गिरणी कामगारांच्या घरांचं थोडं सांगतो, कारण इथे पुष्कळ घरांचा जीव त्यात अडकला आहे. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो पटावर होता त्याला किंवा त्याच्या वारसाला घराचा हक्क. अर्ज आले पावणेदोन लाखांच्या घरात. सोडती निघाल्या २०१२ ला, २०१६ ला, २०२० ला. आपल्या रायगडातल्या पनवेलजवळच्या कोनची घरं त्यातलीच. सगळी मिळून घरं सोळा हजारसुद्धा भरत नाहीत. बाकीच्यांना शेलू-वांगणीचं नाव सांगितलं गेलं, त्यावर कामगारांनी आझाद मैदान गाठलं. गिरणगावात घाम गाळला त्याला गिरणगावात वीत जमीन नाही, हा राग रास्त आहे आणि मी त्या रागात आहे. २०२३ साली म्हाडाने कागद गोळा करायची मोहीम काढली. ओळखपत्र, टिकट नंबर, लाल पास, फंड नंबर, राज्य विम्याचा नंबर, हजेरीपत्र, पगाराची पावती अशी यादी होती. तेव्हा आमच्याकडे शेजारच्या गावातली एक वहिनी आली. नाव सांगत नाही. नवरा गेला त्याला पंचवीस वर्षं झालेली. २००५ च्या जुलैच्या पुरात कुंडलिकेचं पाणी घरात शिरलं, ट्रंक गेली, ट्रंकेतलं सगळं गेलं. हातात कागद शून्य.

मी विचारलं, 'वहिनी, दादांचं गिरणीतलं काही म्हणजे काहीच नाही?' ती म्हणाली, 'भावजी, एक डबा आहे.'

स्टीलचा जेवणाचा डबा. खानावळीत डबे बदलतात म्हणून त्यावर त्या माणसाने भांडीवाल्याकडून ठोकून घेतलं होतं. नाव, गिरणी, खातं आणि टिकट नंबर. डबा काही त्यांच्या यादीत नव्हता. पण नंबर हाती लागला. त्या नंबरावरून त्याच खात्यातला एक जोडीदार शोधला, त्याच्या लाल पासवरून फंडाच्या खात्याचा आकडा कळला, तो घेऊन बांद्र्याला चार फेऱ्या मारल्या, आणि पाचव्या फेरीला जुन्या नोंदीत नाव सापडलं. वहिनीचे कागद स्वीकारले गेले. घर अजून नाही. ती दर सोमवारी मला फोन करून विचारते आणि मी दर सोमवारी तेच उत्तर देतो.

तळ्याच्या पुढे मांदाडच्या खाडीजवळ कुड्याची लेणी आहेत. आपली धम्मसहल तिथे गेली होती. सव्वीस लेणी. त्यांच्या भिंतींवर दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले आहेत. कराडचा लोखंडाचा व्यापारी आहे, फुलांचं काम करणारा माळी आहे, वैद्य आहे. नुसतं नाव नाही, धंदाही लिहिला आहे. दीड-दोन हजार वर्षांनी आपण तो वाचतो म्हणून त्या माळ्याला आपण ओळखतो. ज्यांनी छिन्नी हातोडी घेऊन तो कातळ फोडला, त्यांची नावं मी फार शोधली. मला सापडली नाहीत.

तर माझी पंचायत समितीला आणि महिला मंडळाला एक विनंती आहे, आणि अध्यक्षांशी बोलूनच ती मी इथे मांडतो. विहारात ग्रंथांचं कपाट आहे. त्याचा खालचा कप्पा रिकामा आहे. तो कामगारांच्या कागदांसाठी द्यावा. प्रत्येक घराची एक फाईल. मूळ कागद घरात, झेरॉक्स इथे, म्हणजे पूर आला तरी एक प्रत राहील. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की एक तास मी इथे बसेन. ज्याला पगाराची पावती कळत नाही, फंडाचा मेसेज कळत नाही, ठेकेदाराने सही मागितलेला कागद कळत नाही, त्याने यावं. बारावी झालेल्या दोन मुलींनी मदतीचं कबूल केलं आहे, इंग्रजी त्या वाचतील, माझं इंग्रजी अजून जिन्याखालचंच आहे. पेणच्या मंडळींनी त्यांच्याकडेही असाच एक दिवस ठरवला तर तिथे मी दुसऱ्या रविवारी येईन, गाडीभाड्याची काळजी करू नये.

येताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि जुन्या नोकरीचं जे काही असेल ते आणा. फाटकं असलं तरी आणा, चिकटपट्टी मात्र लावू नका, अक्षरं निघून येतात. आणि घरात जुने डबे, ताटं असतील तर एकदा उलटी करून बघा.

जयभीम.